अकरा कबुतरं आणि एक नळ

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आठवीचा वर्ग, ५२ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास. एका प्रशिक्षणात 'प्रतीकांतून स्वतःचं चित्र' हा उपक्रम पाहिला आणि भारावून गेले. चेहरा न काढता वस्तू आणि चिन्हं यांतून 'मी कोण' हे सांगायचं. वर्गात दिला. हाती आलं ते असं : अकरा पांढरी कबुतरं, नऊ पणत्या, बाकी गुलाब, फुलपाखरं, पंख फुटलेली पुस्तकं. बऱ्याच मुलग्यांनी आपापल्या तालमीचे झेंडे काढले आणि त्यावरून मागच्या बाकांवर जुंपली. एका मुलानं अख्खा कागद काळ्या खडूनं भरून खाली कोपऱ्यात एक छोटा नळ काढला. विचारलं तर 'असंच काढलंय बाई' एवढंच म्हणाला. सहकारी म्हणतात, काळा रंग म्हणजे नैराश्य, पालकांना बोलवा. मुख्याध्यापक म्हणतात, ग्रेड परीक्षा तोंडावर असताना हे खेळ कशाला? आणि स्नेहसंमेलनात याचंच प्रदर्शन लावा, असंही तेच म्हणतात. मुलांना स्वतःचं काढायला शिकवायचं कसं? श्रेणी कशी द्यायची? आणि त्या मुलाचं काय करू?
– एक चित्रकला शिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार बाई,

आधी त्या मुलाचं बोलू. पालकांना बोलावू नका, निदान एका चित्रावरून तरी नको. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद असले तक्ते प्रशिक्षणांच्या झेरॉक्समधून फिरत असतात. एका कागदावरच्या एका रंगावरून मुलाच्या मनाचं निदान कोणताही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञ करत नाही. ते आपण स्टाफरूममध्ये चहा पिता पिता का करावं? त्यांच्या गल्लीत पाणी पहाटे येत असेल आणि ते भरायला यालाच उठावं लागत असेल. तो नळ आजोळच्या परड्यातला असेल. शेजाऱ्यानं काळा खडू मागितला म्हणून यानं हट्टानं तो संपवून टाकला असेल. किंवा खरंच काही दुखत असेल. कागद यातलं काहीच ठरवून देत नाही.

त्याच्याशी बोला, पण चित्राबद्दल बोला. 'तुला काय वाटतंय रे?' असं विचारलं की तेरा वर्षांचा मुलगा खांदे उडवतो. त्याऐवजी विचारा, 'एवढा सारखा काळा भरला कसा? खडू आडवा धरलावतास का?' 'नळाची जागा आधी सोडलीस, की वरून खरवडून काढलीस?' 'मधोमध का नाही काढलास?' हे चित्रकाराला विचारायचे प्रश्न आहेत आणि तो चित्रकार म्हणून उत्तर देईल. हातानं काय केलं ते सांगता सांगता मुलं बाकीचंही सांगतात, सांगायचं असेल तर. नसेल सांगायचं तर 'भरणी झकास झालीय' म्हणून पुढच्या बाकाकडे जा.

लक्ष ठेवायचं ते मुलावर. तो अलीकडे गप्प झालाय का, डबा खात नाही का, वर्गात झोपतो का, गैरहजेरी वाढलीय का, अंगावर वळ दिसतात का, हे तुम्हाला आणि वर्गशिक्षकांना काळ्या रंगापेक्षा जास्त सांगेल. असं काही असेल तर मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांच्याशी बोला. घरातच धोका आहे असं वाटलं तर बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन कधीही, मोफत चालते. आणि मुलाच्या तोंडून लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; तिथे 'शाळेचं नाव जाईल' हा विचार करायची मुभा कुणालाच नाही.

आता कबुतरांकडे येऊ.

मुलांनी आळस केला असं मला वाटत नाही. तुम्ही विचारलंत तेच त्यांनी केलं. 'मी कोण' असं विचारलं की आठवीतल्या मुलाच्या डोक्यात विशेषणं येतात : मी शांत, मी शूर, मी प्रेमळ, मला शिकून मोठं व्हायचंय. आणि प्रत्येक विशेषणाला एक तयार चित्र आपणच पहिलीपासून देत आलोय. शांतीला कबुतर, ज्ञानाला पणती, प्रेमाला गुलाब, शौर्याला सिंह. घोषवाक्यांचे फलक, निबंध स्पर्धा, १५ ऑगस्टचे तक्ते, सगळीकडे हेच. मुलानं विशेषण निवडलं, त्यापुढचं चित्र उचललं आणि रंगवलं. यात स्वतःचं असं फक्त खाली लिहिलेलं नाव आणि हजेरी क्रमांक.

शिवाय आपल्या गावात चौकाचौकात प्रतीकात्मक स्वचित्रं टांगलेलीच असतात. वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड बघा. मधे गॉगल लावलेला दादा, मागे डरकाळी फोडणारा सिंह, बाजूनं आगीच्या ज्वाळा, डोक्यावर सोन्याचा मुकुट, खाली पंधरा कार्यकर्त्यांचे गोल फोटो. मुलांना 'प्रतीकातून मी' म्हटल्यावर हेच आठवणार. मी ते वाईट म्हणत नाही. पण त्या बोर्डावरचा दादा बदलून दुसरा दादा बसवला तरी बोर्ड तोच राहतो, ही गोष्ट वर्गात जरूर दाखवा. मुलं हसतील आणि त्यांना पटकन कळेल.

म्हणून क्रम उलटा करा. आधी वस्तू, मग चित्र. अर्थ सगळ्यात शेवटी, आणि तोही मुलाला वाटलं तर.

पहिल्या तासाला कागद-खडू बाहेर काढायलाच लावू नका. वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहायची. ती शेजाऱ्याला दाखवायची नाहीत आणि बाईंनाही नाहीत. हे सुरुवातीलाच सांगा आणि पाळा, वही मागू नका. प्रश्न साधे, हाताला लागतील असे. घरात 'तुझी' म्हणावी अशी जागा कोणती, आणि तिथे बसलं की समोर काय दिसतं? भांडण झालं की कुठे जाऊन बसतोस? कोणती वस्तू तुझ्याशिवाय घरात कुणाला नीट वापरता येत नाही? रोज कशावरून बोलणी खातेस? कोणती गोष्ट टाकून द्यायला आई मागे लागलीय आणि तू देत नाहीस? शाळेत येताना कुठल्या वळणावर कसला वास येतो? खिशात, दप्तराच्या तळाशी, गादीखाली काय सापडेल?

उत्तरांत मोबाइल येणारच. बंदी घालू नका, आत शिरा. काचेला तडा आहे का, तो कुठून कुठे गेलाय? घरात एकच मोबाइल असेल तर रात्री तो कुणाच्या हातात असतो? तडा गेलेल्या काचेची रेष काढताना मुलगा स्वतःच्या घरातलं काढत असतो. नुसता मोबाइल काढला तर दुकानातला काढतो.

कोल्हापूर या कामासाठी फार श्रीमंत आहे, कारण इथे घराघरात हातानं काहीतरी चालतं. शिरोली एमआयडीसीत वडील फौंड्रीत असतील तर डब्याच्या कडीत अडकलेली काळी वाळू. हुपरीकडून येणारी मुलगी असेल तर पैंजणाच्या कड्या जोडायचा चिमटा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी नेणारं घर असेल तर तुटून गाठ मारलेलं दावं. आई खानावळ चालवत असेल तर डुगडुगणाऱ्या पोळपाटाच्या पायाखाली रोज सरकवावा लागणारा पुठ्ठ्याचा तुकडा. हा पुठ्ठा कुठल्याही प्रशिक्षणाच्या यादीत सापडणार नाही. ज्या मुलीनं तो रोज घडी घालून सरकवलाय तिलाच तो सुचेल, आणि तो तिनं कागदभर काढला की ती कोण हे वेगळं सांगायला नको.

दोन प्रश्न मात्र टाळा किंवा जपून विचारा. पहिला देवकाचा. लग्नात देवक बसवतात, कुळाचं देवक म्हणून कुठे कळंब, कुठे पंचपल्लव, कुठे मोराचं पीस असतं. प्रतीकांवर बोलताना हे सुचणं अगदी साहजिक आहे आणि विषय म्हणून मला तो फार आवडतो. पण वर्गात 'तुमचं देवक काय' असं विचारलं की दोन मिनिटांत कुळ, आडनाव आणि जात बाकावर येऊन बसते. मुलानं आपणहून काढलं तर काढू द्या, तुम्ही विचारू नका. दुसरा पुराचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घर सोडलेली मुलं तुमच्या वर्गात असणार, मग ती चिखली-आंबेवाडीकडची असोत की शहरातल्या नदीकाठच्या गल्लीतली. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. 'पाणी आलं तेव्हा आधी काय उचललं' हा प्रश्न चित्र देईल यात शंका नाही, पण चित्र मिळावं म्हणून तो विचारू नये. कुणी आपणहून भिंतीवरची पाण्याची खूण काढली, तर ती किती उंचीवर होती एवढं विचारा आणि बाजूला व्हा.

दुसऱ्या तासाला फळ्यावर बंदी यादी करा, पण ती मुलांकडूनच वदवून घ्या. 'डोळे मिटून कुणालाही सुचतील अशी चित्रं सांगा.' कबुतर, पणती, गुलाब, बदाम, तिरंगा, उगवता सूर्य, दोन डोंगरांमधून वाहणारी नदी, हसरी इमोजी. मुलं चढाओढीनं सांगतात. यादी झाली की फळा तसाच ठेवायचा : या चित्रापुरती यांना सुट्टी. कुणाच्या घरी खरोखरच कबुतरं पाळलेली असतील तर अपवाद, आणि आपल्या पेठांत ते अगदी शक्य आहे. पण मग पांढरं, चोचीत फांदी धरलेलं कबुतर चालणार नाही. त्याच्या गच्चीवरचं, पायात कडी असलेलं, खुराड्याच्या जाळीमागचं कबुतर हवं.

दाखवायचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो दाखवतात. १९२५ साली बसच्या अपघातात तिचा कणा मोडला आणि पुढे आयुष्यभर तिनं स्वतःलाच रंगवलं : काटे, माकडं, उघडं हृदय, दोन फ्रिडा. चित्रकार म्हणून थोरच. पण आठवीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी ती दाखवली तर पुढच्या तासाला बावन्न कागदांवर काटे आणि रक्ताचे थेंब येतील. ती नंतर दाखवा, चित्रं झाल्यावर.

सुरुवात वीरगळापासून, म्हणजे वीराच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडापासून, करा. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव देवळाजवळ, पाराखाली हे दगड उभे आहेत. शेंदूर फासलेले, कुठे कपडे वाळत घातलेले. करवीर तालुक्यातल्या बीडला बरेच आहेत. त्यावर खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत त्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. गुरं राखताना मेला असेल तर खाली गाई कोरलेल्या असतात. चेहरा कुणाचाच ओळखू येत नाही, बहुतेकदा तर तो झिजलेलाच असतो. तरी हा माणूस काय करताना गेला हे वाचता येतं. गाई आहेत म्हणजे गाईंसाठी. मुलांना फोटो दाखवा आणि विचारा, हा कोण होता? सांगतील.

मग नृसिंहवाडी. तिथे आपण मूर्तीचं दर्शन घेत नाही, पादुकांचं घेतो. ज्यांची आठवण ठेवायची त्यांचं सगळं रूप बाजूला ठेवून फक्त चालणारे पाय ठेवलेत. वर्गात याच्यावर प्रवचन करू नका. एवढंच विचारा की तुमच्या घरातल्या कुणा एका माणसाचं सगळं काढून टाकून एकच गोष्ट ठेवायची झाली तर काय ठेवाल? आजीचा चष्मा येईल, आजोबांची तपकिरीची डबी येईल, वडिलांचं हेल्मेट येईल. दुसऱ्याबद्दल सांगणं सोपं असतं. ते जमलं की मुलं स्वतःकडे वळतात.

शेवटी व्हॅन गॉगच्या खुर्च्या. १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याच्याकडे गोगँ हा चित्रकार राहायला आला होता. तेव्हा व्हॅन गॉगनं दोन रिकाम्या खुर्च्या रंगवल्या. स्वतःची साधी, गवताच्या बैठकीची, दिवसाच्या उजेडात, तिच्यावर पाइप आणि तंबाखू, मागे खोक्यात कोंब आलेले कांदे. गोगँची हातांची, डौलदार, रात्रीची, तिच्यावर पेटती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. दोन्ही चित्रं शेजारी लावा आणि नावं न सांगता विचारा, कोण कसा असेल? कुणाशी तुमचं पटेल? दहा मिनिटं वर्ग बोलत राहील, कारण खुर्ची सगळ्यांना वाचता येते.

आता प्रत्यक्ष काढणं. इथे तुम्हाला कोल्हापूरच आडवं येणार आहे. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून या गावाला हुबेहूब चित्राचं वेड आहे. आजही रंकाळ्यावर कुणी निसर्गचित्र करायला बसलं की मागे उभी राहणारी माणसं 'काय फोटोगत काढलंय!' म्हणतात आणि ती इथली सगळ्यात मोठी शाबासकी असते. मुलांनाही तेच माप माहीत आहे. 'बाई, मला चेहरा येत न्हाई' म्हणून हात आखडणारी अर्धी मुलं चेहरा नको म्हटल्यावर मोकळी होतात, हा या उपक्रमाचा मोठाच फायदा. पण वस्तू तरी फोटोगत यावी असा धाक त्यांच्या डोक्यात असतोच.

म्हणून वस्तू नीट बघून काढायला सांगा, पण आकार आणि जागा मात्र खोटी करायला सांगा. खरं बोलतं ते तिथे. एकच चिमटा कागदाच्या मधोमध, कडेला टेकेल एवढा मोठा काढला तर काय होतं? तोच तळाशी, अंगठ्याच्या नखाएवढा काढला तर? अर्धा कागदाबाहेर गेला तर? दुसऱ्या कशाच्या आड लपला तर? हातावर मावतील अशा तीन-चार छोट्या चौकटी आखून प्रत्येकीत तीच वस्तू वेगळी मांडून बघायला लावा. मोठ्या कागदावर जायच्या आधी हे झालंच पाहिजे. तुमच्या त्या मुलानं कुणी न शिकवता हेच केलंय : नळ लहान, कोपऱ्यात, भोवती सगळा काळा. मांडणीच्या दृष्टीनं तुमच्या बावन्न कागदांत तो सगळ्यात विचारानं केलेला कागद असावा, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आणखी एक. प्रशिक्षणात मुलाच्या डोक्याची बाजूची सावली भिंतीवर पाडून ती गिरवायची आणि आत सगळं भरायचं, ही युक्ती हमखास शिकवतात. मला ती आवडत नाही. डोक्याचा आकार मिळाला की तो भरायची घाई होते. क्रिकेटची बॅट, केक, आई-बाबा, भारताचा नकाशा, सगळं आत कोंबलं जातं आणि कशालाच वजन राहत नाही. एक वस्तू, फार तर दोन, यावर ठाम राहा. साहित्यही फार नको. पाव शीट कार्ट्रिज कागद आणि तेलखडू पुरेत. शीट परवडत नसेल त्यानं लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूवर काढलं तरी चालेल.

तुम्ही स्वतः घरी एक चित्र आधी काढा. आपली एक वस्तू निवडताना किती अवघडायला होतं, हे त्याशिवाय कळणार नाही. पण ते वर्गात आणू नका. बाईंनी चहाचा कप काढला तर पुढच्या तासाला चाळीस कप येतील.

तालमीच्या झेंड्यांचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... आपल्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आणि तालीम म्हणजे पेठ, म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर सामना असला की मोठी माणसं रस्त्यावर येतात, तिथे आठवीतल्या मुलानं झेंडा काढला तर नवल काय? ते खोडू नका, हिणवूही नका. फक्त एक प्रश्न विचारा : त्या झेंड्याखाली तू कुठे असतोस? कुणी गोलपोस्टच्या मागे जाळीला नाक लावून बसतो. कुणी मोठ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरतो. कुणाला घरून सामन्याला जायला बंदी आहे आणि तो गच्चीवरून नुसता ओरडा ऐकतो. कुणाच्या काकांचे जुने बूट त्याला दोन नंबरांनी मोठे होतात आणि तो पुढे कापूस भरून ते घालतो. आता ते बूट काढ म्हणावं. झेंडा मागे बारीक फडकत राहिला तरी हरकत नाही. दोन वेगळ्या तालमींच्या पोरांनी एकाच बाकावर बसून मोठे झालेले बूट काढले तर भांडायला कारण उरत नाही. उरलंच तर निदान ते बुटांवरून असेल.

महाराज, राजमुद्रा, वाघनखं काढणाऱ्यांनाही हेच लागू. श्रद्धा तशीच राहू दे, फक्त त्यात तू कुठे आहेस ते दाखव. गड चढताना तुझ्या पाठीवर काय होतं? पन्हाळ्याला पायी गेलावतास तेव्हा चप्पल कुठे तुटली?

मुख्याध्यापकांचं म्हणणं अगदीच चूक नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक तेच विचारतात आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. तुम्ही त्यांना 'आत्माविष्कार' वगैरे शब्द ऐकवू नका. सांगा की एलिमेंटरीला वस्तुचित्र आहे, इंटरमिजिएटला स्थिरचित्र आहे, दोन्हीकडे स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आहे, आणि हा उपक्रम त्यातल्या तिन्हींची तयारी आहे. घरची वस्तू समोर ठेवून काढली की वस्तुचित्र. घरी राहिलेली आठवून काढली की स्मरणचित्र. चार चौकटींत मांडून बघितली की संकल्पचित्राची रचना. परीक्षेला बसणारी मुलं एरवी तोच माठ, तीच बाटली, तेच दोन कांदे काढून कंटाळलेली असतात. आणि परीक्षा अगदी दोन आठवड्यांवर आली असेल तर सरळ थांबा, ती होऊन जाऊ द्या. या कामाला घाई नाही. एक मागणी मात्र त्यांच्याकडे आत्ताच करा : वेळापत्रकात दोन तास जोडून द्या. पस्तीस मिनिटांत खडू वाटून गोळा करण्यातच पंधरा जातात.

श्रेणीचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. आठवीपर्यंत कला विषयाचं मूल्यमापन आकारिकच, म्हणजे वर्षभराच्या कामावरून होणारं, आहे आणि वर्णनात्मक नोंदी तुम्हाला लिहायच्याच असतात. त्याचा फायदा घ्या. मुलानं काय उघड केलं, किती खोल काढलं, कुणाचं चित्र बघून डोळ्यांत पाणी आलं, याला श्रेणी द्यायची नाही. ज्या दिवशी दुःख काढलं की 'अ' मिळतो हे मुलांना कळेल त्या दिवसापासून ती दुःख बनवून आणतील, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. बघायचं एवढंच : वस्तू स्वतः निवडली का, नीट पाहिली का, छोट्या चौकटींत वेगवेगळी मांडून बघितली का, काम पुरं केलं का. नोंद अशी होईल, 'वस्तूचं बारकाईनं निरीक्षण करते. कागदावरची जागा विचारपूर्वक वापरते. मोठ्या आकारात काढायला अजून कचरते.' हे तपासता येतं आणि पालकांना दाखवताही येतं. ज्या मुलीनं आपल्याला काही उघड करायचं नाही म्हणून पाण्याची बाटली काढली आणि ती मन लावून काढली, तिला 'अ' मिळायलाच हवा.

समोर उभं करून 'तुझ्या चित्राचा अर्थ सांग' हे करू नका. प्रशिक्षणात ते छान वाटतं, कारण तिथे सगळे शिक्षक असतात. वर्गात मागच्या बाकावरून एक शेरा येतो आणि तो मुलगा वर्षभर त्या नावानं ओळखला जातो. हवं तर कागदाच्या मागे दोन ओळी लिहू द्या. लिहिलं तर वाचा, नाही लिहिलं तर विचारू नका.

प्रदर्शनाबद्दल. मुख्याध्यापकांना नाही म्हणायची गरज नाही, पण काढण्याआधी मुलांना सांगितलेलं नव्हतं की हे सगळ्यांना दाखवायचंय. म्हणून आता प्रत्येकाला एकटं विचारा, चालत्या वर्गात हात वर करायला लावून नको. हात वर करायचा म्हटलं की मुलं शेजाऱ्याकडे बघून ठरवतात. जे नको म्हणतील त्यांच्यासाठी प्रदर्शनात दुसरं काहीतरी ठेवा, ग्रेड परीक्षेच्या सरावातलं एखादं चित्रही चालेल, म्हणजे कुणाचं नाव वगळलेलं दिसणार नाही. लावलेल्या चित्रांखाली नाव हवं की नको हेही ज्याचं त्यानं ठरवावं. चित्रांचे फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका आणि तुमच्या स्टेटसलाही नको. कोल्हापूर मोठं झालं तरी पेठेत फोटो संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. 'आमच्या घरातला डुगडुगता पोळपाट शाळेत कशाला दाखवलास' म्हणून मार बसू शकतो, आणि तो तुमच्यामुळे बसलेला असेल.

संमेलन झालं की सगळे कागद ज्याचे त्याला परत करा. शाळेच्या कपाटात गठ्ठा करून ठेवू नका, पुढच्या वर्षी नमुना म्हणून तर मुळीच वापरू नका. पुढच्या आठवीला वीरगळच दाखवा.